रातभर टक्क जाग्या राहणाऱ्या बीपीवाल्यांसाठी

"डॉक्टर, गोळी चालूच हाये बघा, एक दिवस चुकवली नाही. पण डोळ्याला डोळा लागंना." बाजाराच्या दिवशी माझ्या ओपीडीत हे वाक्य चार-पाच वेळा तरी कानावर येतं. बरीच वर्षं मी त्यावर सोपी वाट धरत होतो. बीपी १६०/९५ दिसला की बीपीची ॲम्लोडिपिन ही गोळी ५ मिलिग्रॅमवरून १० करायची, आणि झोपेसाठी पंधरा दिवसांची गोळी लिहून द्यायची. पंधरा दिवसांनी माणूस परत यायचा. गोळी संपलेली असायची, झोप तशीच.

घोळ कुठे होतो ते उशिरा कळलं. बीपी निघाला की घरचे, शेजारचे, डॉक्टर, सगळे एकच सांगतात: आराम करा. मग तो माणूस रात्री आठलाच बाजेवर आडवा होतो आणि सकाळी सातपर्यंत उठत नाही. अकरा तास अंथरुणात, झोप जेमतेम साडेपाच तासांची. उरलेला वेळ कूस बदलण्यात, पंख्याकडे बघण्यात आणि उद्याच्या काळजीत. जुनाट निद्रानाशावरचा सगळ्यात भरवशाचा इलाज याच्या उलट आहे: अंथरुणातला वेळ कमी करायचा. हा ज्या पद्धतीचा मुख्य भाग आहे तिला डॉक्टरी भाषेत सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे झोपेभोवतीचे विचार आणि सवयी बदलून निद्रानाश घालवायचा उपचार. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ साली सांगितलं की जुनाट निद्रानाशात गोळीच्या आधी हीच पद्धत वापरावी. ती घरी, एका वहीवर करता येते. खाली पायरीपायरीनं सांगतो.

आधी रात्रीच्या बीपीबद्दल

निरोगी माणूस झोपला की त्याचा रक्तदाब दिवसापेक्षा १० ते २० टक्क्यांनी खाली येतो. दिवसा वरचा आकडा १४० असेल तर रात्री तो साधारण ११२ ते १२६ च्या दरम्यान यायला हवा. हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्यांना मिळणारी विश्रांती ती हीच. जो टक्क जागा असतो, ज्याचं अंग झोपेतही सावध असतं, त्याच्या शरीरातली धोक्याच्या वेळची यंत्रणा रात्रभर चालू राहते. नाडी जलद, वाहिन्या आवळलेल्या, आणि बीपी हवा तसा उतरत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की हृदयाची भिंत जाड होते, हृदयविकाराच्या झटक्याचा आणि लकव्याचा धोका वाढतो. दिवसा दवाखान्यात मोजलेल्या आकड्यात हे दिसत नाही. २०२२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं हृदयाच्या आरोग्याच्या आठ मुख्य गोष्टींत झोपेची भर घातली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. झोप सुधारली म्हणून बीपी धाडकन उतरेल असं नाही. यावरच्या अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत. काहींत बीपीत थोडी घट दिसते, काहींत दिसत नाही. म्हणून झोप लागायला लागली तरी बीपीची गोळी मनानं बंद करायची नाही. फायदा दुसऱ्या वाटेनंही होतो. नीट झोपलेला माणूस सकाळी चालायला जातो, चहा-तंबाखू कमी करतो, चिडत नाही आणि गोळी वेळेवर घेतो.

पहिली पायरी: हा निद्रानाशच आहे ना?

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नाही किंवा मोडते, असं तीन महिने चाललंय आणि दिवसा त्याचा त्रास होतो, तर तो जुनाट निद्रानाश. कुणाच्या दहाव्यानंतर आठ दिवस झोप लागली नाही, तर तो दुखवटा आहे. त्यासाठी या लेखाची गरज नाही.

निद्रानाशासारखे दिसणारे दुसरे आजार आधी बाजूला काढा. घरच्या माणसाला विचारा: मी घोरतो का? घोरता घोरता श्वास थांबतो आणि मग दचकून घुर्र करून सुरू होतो का? दिवसा बसल्या जागी डुलकी लागते का? उत्तर हो असेल तर तो बहुधा स्लीप ॲपनिया. तीन-तीन गोळ्या घेऊनही ज्यांचा बीपी आटोक्यात येत नाही, त्यांच्यात हा आजार फार आढळतो. त्याची तपासणी आणि उपचार वेगळे आहेत, आणि ते होईपर्यंत खालची चौथी पायरी करायची नाही. आडवं झालं की दम लागतो, दोन-तीन उशा घ्याव्या लागतात, असं असेल तर हृदयाची तपासणी आधी. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठत असाल तर साखर तपासा. पाय सारखे हलवावेसे वाटतात, ठणका लागतो, कशातच मन लागत नाही, रडू येतं, हेही डॉक्टरांना सांगा.

दुसरी पायरी: गोळ्यांची पिशवी उलटी करा

ही पायरी सहसा कुणी करत नाही, आणि मला तीच सगळ्यात जास्त आवडते. घरातल्या सगळ्या गोळ्या, मेडिकलवरून न विचारता आणलेल्याही, एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या.

लघवी वाढवणारी गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड, क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड, संध्याकाळी घेत असाल तर रात्र मोरीच्या फेऱ्यांत जाणारच. ती सकाळी घेता येईल का ते विचारा. मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल या गटातल्या बीपीच्या गोळ्यांनी काहींना भलतीसलती स्वप्नं पडतात, झोप उथळ होते. ॲम्लोडिपिननं काहींच्या पायांवर सूज येते. दिवसभर पायात साठलेलं पाणी माणूस आडवा झाला की वर सरकतं आणि मध्यरात्री लघवीला उठवतं. अशांनी संध्याकाळी अर्धा तास पाय उंचावर ठेवून पडावं, फरक पडतो.

रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या काहींना कोरडा खोकला लागतो, तोही रात्री जास्त. खोकल्यावर आपल्याकडे काय करतात? जेष्ठमध चघळतात. आणि जेष्ठमधानं बीपी वाढतो! बीपी वाढला म्हणून गोळी वाढते, खोकला तसाच राहतो, जेष्ठमध तसंच. एका मावशींचा हा फेरा सुटायला मला तीन महिने लागले, कारण जेष्ठमध हे औषध आहे असं त्यांना वाटतच नव्हतं, त्यामुळे त्यांनी सांगितलंच नाही. कंबरदुखीसाठी रोज घेतलेली डायक्लोफेनॅक आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही बीपी चढतो. सर्दीच्या काही गोळ्या तर झोपही उडवतात.

बीपीची गोळी सकाळी घ्यावी की रात्री, यावर लोक हिरिरीनं वाद घालतात. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या टाइम नावाच्या अभ्यासाचा निकाल २०२२ मध्ये आला. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या बाबतीत सकाळ-संध्याकाळीत फरक आढळला नाही. तेव्हा ज्या वेळी आठवण राहते आणि झोप मोडत नाही ती वेळ चांगली. बदल मात्र डॉक्टरांना विचारूनच.

तिसरी पायरी: दोन आठवडे वही

शाळेची साधी वही घ्या. रोज सकाळी उठल्यावर लिहा: रात्री आडवं किती वाजता झालो, अंदाजे किती वाजता लागली, मधे किती वेळ जागा होतो, शेवटची जाग कधी आली, अंथरूण कधी सोडलं. दुपारी झोपलो का, शेवटचा चहा कधी घेतला. रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही, सकाळी अंदाजानं लिहायचं. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे झाली तरी चालतं. लिहिता येत नसेल तर नातवाला सांगा. त्याला हे काम भारी वाटतं.

त्याच वहीत शेवटच्या सात दिवसांचा बीपी. दंडावर पट्टा बांधायचं मशीन वापरा, मनगटावरच्याचा भरवसा कमी. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, दर वेळी एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री काही नाही. लघवीला जाऊन या, पाठ टेकवून पाच मिनिटं गप्प बसा, हात छातीच्या उंचीवर ठेवा, मोजताना बोलू नका. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर ती वाढलेली समजतात. रात्री जाग आली म्हणून उठून बीपी मोजायचा नाही. त्यानं फक्त भीती वाढते.

चौथी पायरी: झोपेची चौकट आवळा

इथं जरा थांबू, कारण सगळं यातच आहे. आर्थर स्पीलमन या मानसशास्त्रज्ञानं १९८७ मध्ये ही रीत मांडली. त्याचं म्हणणं असं की निद्रानाशाला तीन गोष्टी लागतात: मुळातला स्वभाव, एखादं निमित्त, आणि निमित्त संपल्यावरही तो टिकवून ठेवणाऱ्या सवयी. आपल्याकडचं उदाहरण देतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. औसा-उमरगा पट्ट्यातली माणसं त्यानंतर कितीतरी दिवस छपराखाली झोपायला धजत नव्हती. त्यातले काही आजही मला सांगतात की पहाटे चारला जाग येतेच. जमीन केव्हाच शांत झाली. पण जाग आली की घड्याळ बघायचं, मग छातीत धडधड, मग झोपेची भरपाई म्हणून दुपारी दोन तास आणि रात्री लवकर आडवं होणं, हे मागे राहिलं. इलाज या मागे राहिलेल्या गोष्टींवर करायचा असतो.

औशाकडचे एक मामा, वय ५८. वहीप्रमाणे ते रात्री नऊला आडवे होत आणि सहाला उठत. म्हणजे ९ तास, ५४० मिनिटं. सरासरी झोप साडेपाच तास, ३३० मिनिटं. ३३० भागिले ५४०, गुणिले १००: ६१ टक्के. झोपेच्या भाषेत ही कार्यक्षमता, आणि ती ८५ च्या वर हवी. मग त्यांच्या झोपेत अर्धा तास मिळवून ६ तासांची चौकट, म्हणजे अंथरुणात राहायची बांधून दिलेली वेळ, ठरवली. आधी उठायची वेळ पक्की केली, पहाटे पाच, कारण दूध काढायचं असतं. तिथून मागे मोजलं तर झोपायची वेळ अकरा. अकराच्या आधी बाजेला पाठ लावायची नाही, पाचनंतर लोळायचं नाही. रविवार, सण, पाहुणे, सगळ्या दिवशी हीच वेळ. दुपारची झोप बंद.

आठ दिवसांनी मामा आले ते चिडूनच. "झोप येत नाही म्हणून तुमच्याकडं आलो, अन् तुम्ही तर झोपूच देईना!" बरोबर होतं त्यांचं. पहिला आठवडा-दहा दिवस वाईटच जातो. दिवसा पेंग येते. त्या दिवसांत मोटरसायकल, ट्रॅक्टर, कडबा कटर यांपासून लांब राहा. बीपीही थोडा वर दिसू शकतो, म्हणून मोजत राहा. पण दिवसभराचं हे जागेपण साठतं आणि तेच रात्री माणसाला ओढून झोपवतं. पुढच्या आठवड्याअखेर मामांची झोप ६ तासांपैकी ५ तास २० मिनिटं झाली, म्हणजे ८९ टक्के. चौकट १५ मिनिटांनी वाढवली, पावणेअकरा.

नियम एवढाच: आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांच्या वर गेली की झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणा. ८० ते ८५ असेल तर आहे तसं ठेवा. ८० च्या खाली असेल तर १५ मिनिटं आणखी कमी करा, पण बीपीच्या माणसानं साडेपाच तासांच्या खाली चौकट नेऊ नये. सत्तरीच्या पुढचे, अशक्त किंवा हृदय कमकुवत असलेले यांच्यासाठी सौम्य प्रकार आहे: एकदम न आवळता दर आठवड्याला अंथरुणातला अर्धा तास कमी करायचा. फिट येणारे, कधी अति उत्साह तर कधी अति उदास असा आजार असलेले, गरोदर बाया आणि रात्री गाडी चालवणारे यांनी हे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये.

अकरापर्यंत जागायचं कसं, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. टीव्ही आणि मोबाइल सोडून काहीही. शेंगा फोडा, उद्याची भाजी निवडा, हरिपाठ म्हणा, नातवंडांना गोष्ट सांगा. सोयाबीनचा भाव मात्र त्या वेळी बघू नका.

पाचवी पायरी: बाज फक्त झोपेसाठी

१९७२ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी मांडलेली गोष्ट: अंथरुणात जागं पडून राहिल्यानं अंथरूण दिसलं की जागच येते. बैल जसा ठरल्या वळणावर आपोआप वळतो, तसं. ही ओळख मोडायची. झोप येऊ लागल्यावरच आडवं व्हा. वीसेक मिनिटं झाली, झोप नाही, चिडचिड सुरू झाली, की उठा. ओसरीत किंवा चुलीजवळ मंद उजेडात बसा. डोळे जड झाले की परत या. गरज पडली तर रात्रीतून पाच वेळा.

पुस्तकात लिहिलेलं असतं, दुसऱ्या खोलीत जा. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं झोपलेली असताना दुसरी खोली कुठली? मी सांगतो, खोली नको, जागा बदला. बाजेवरून उतरून भिंतीला टेकून पोत्यावर बसलं तरी चालतं. आणि घड्याळाचं तोंड भिंतीकडे करा.

काळजीची वही

कर्ज, पीकविमा, पोरीचं लग्न, बोअरचं पाणी. या गोष्टी खऱ्या आहेत, 'चिंता करू नका' म्हणून त्या जात नाहीत. त्यांची वेळ बदलता येते. दिवेलागणीला पंधरा मिनिटं बसून काळजी लिहा आणि समोर उद्या करायची एकच लहान गोष्ट: 'बँकेत कागद विचारायचा'. रात्री तोच विचार आला की म्हणा, वहीत आहे.

एक विचार बीपीवाल्यांना खास छळतो: 'आज झोपलो नाही तर रात्रीतून ॲटॅक येईल.' एका रात्रीच्या जागरणानं तसं होत नसतं. नुकसान होतं ते वर्षानुवर्षांच्या सवयीनं, आणि ती तुम्ही बदलताच आहात. लांब, सावकाश श्वास सोडत राहिलं तरी धडधड कमी होते.

चहा, मिश्री, मीठ, बाटली

कॅफिनचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. चारचा चहा रात्री नऊला निम्मा अंगात असतो. दोननंतर चहा नको. कुणाकडे गेल्यावर नाही म्हटलं तर माणसं रुसतात, हे मलाही माहीत आहे. दोन घोट घ्या आणि कप ठेवा. तंबाखू आणि मिश्रीतलं निकोटिन नाडी आणि बीपी वाढवतं, झोप उडवतं. पूर्ण सोडायची आहेच, पण रात्रीची मिश्री सगळ्यात आधी. दारूनं झोप लवकर लागते आणि मध्यरात्रीनंतर फाटते, घोरणंही वाढतं. मीठ दिवसाला सगळं मिळून चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा कमी, ५ ग्रॅमच्या आत. रात्रीच्या भाकरीबरोबर लोणचं, पापड आणि खारट ठेचा एकदम खाल्ला की तहान आणि लघवी दोन्ही झोप मोडतात.

उन्हाळा आणि रात्रीची लाइट

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ वर जातो, आणि पत्र्याचं घर मध्यरात्रीपर्यंत भट्टीसारखं राहतं. जिथं टँकरनं पाणी येतं तिथं पत्र्यावर पाणी मारा असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. पत्र्याला वरून पांढरा चुना लावा, माळवदावर किंवा गच्चीवर मच्छरदाणी बांधून झोपा, अंगावर ओला पंचा घ्या. वेळेची चौकट मात्र तीच.

ज्या आठवड्यात शेतीपंपाला रात्रीची लाइट असते आणि दारं धरायला रानात जावं लागतं, त्या आठवड्यात हा कार्यक्रम सुरू करू नका. चालू असेल तर उठायची वेळ शक्य तितकी जपा आणि झोपेची तूट दुपारी तीनच्या आत अर्ध्या तासात भरा.

आधीच झोपेची गोळी चालू असेल तर

अल्प्राझोलामसारखी गोळी महिनोन्‌महिने घेत असाल तर एकदम बंद करू नका. झोप आणखी बिघडते, हातापायाला थरथर सुटते, काहींना फिटही येते. डॉक्टरांच्या सल्ल्यानं दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी कमी करायची. वरची चौकट बसल्यावर ते सोपं जातं. म्हाताऱ्या माणसांत या गोळ्यांनी रात्री तोल जाऊन खुब्याचं हाड मोडतं, ते मी पुष्कळ पाहिलंय.

मदत कुठे

संभाजीनगरची घाटी, लातूर, अंबाजोगाई, नांदेड इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. तिथं गेलं म्हणजे माणूस वेडा ठरत नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात. जगावंसं वाटत नाही असे विचार येत असतील तर वही-बिही बाजूला ठेवून लगेच तिथं फोन करा. छातीत दाब, दम, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं यांपैकी काही झालं तर १०८. नुसता १८०/१२० आकडा दिसला आणि त्रास काही नाही, तर पाच मिनिटं बसून परत मोजा, आणि तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

मामा सहाव्या आठवड्यात आले तेव्हा चौकट साडेदहा ते पाच होती आणि झोप ५ तास ५० मिनिटं. घरच्या बीपीची सरासरी १४८/९२ वरून १३८/८६. त्यात झोपेचा वाटा किती, बंद केलेल्या लोणच्याचा किती आणि रोज न चुकता घेतलेल्या गोळीचा किती, हे मला सांगता येणार नाही. गोळी तीच ठेवली. वहीच्या शेवटच्या पानावर नातवानं आपल्या अक्षरात लिहिलं होतं: 'आबा काल घोरले. आजीची झोप झाली नाही.' पुढच्या खेपेला मी त्यांना घोरण्याच्या तपासणीसाठी लातूरला पाठवलं.